मागे सरकणारी गाडी आणि आडवी येणारी वाहतूक

दृष्टीची अडचण

मोटारगाडी मागे घेणे हे वाहन चालवण्यातील सर्वांत संथ काम असले, तरी ते सर्वांत सुरक्षित काम नाही. पुढे जाताना चालकासमोर रुंद काच असते, दोन्ही बाजूंना खिडक्या असतात आणि मान थोडी वळवली की आडव्या रस्त्याचा बराचसा भाग नजरेत येतो. मागे जाताना मात्र मागच्या आसनांच्या उशा, मागे बसलेली माणसे, सामान आणि छताला आधार देणारे मागचे जाड खांब या सगळ्यांतून उरलेल्या फटीतूनच त्याला पाहावे लागते. चार ते साडेचार मीटर लांबीच्या गाडीत चालकाचे डोळे मागच्या बंपरपासून साधारण दोन ते अडीच मीटर पुढे असतात. शेजारी उंच टेम्पो किंवा भिंत असेल, तर एवढी लांबी रस्त्यावर उघडी पडेपर्यंत डावीउजवीकडून काय येत आहे हे त्याला दिसू शकत नाही. बाजूचे आरसेही येथे फारसे कामी येत नाहीत, कारण ते गाडीच्या अंगालगतचा मागचा अरुंद पट्टा दाखवण्यासाठी बसवलेले असतात, काटकोनात येणारा रस्ता दाखवण्यासाठी नव्हे.

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावात या अडचणीला विशेष अर्थ आहे. पैनगंगेच्या उगमाकडच्या डोंगराळ भागातील हे गाव बुलढाणा शहरापासून काही किलोमीटरवर आहे, आणि अशा गावांमध्ये घर, दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये मोकळी जागा थोडीच असते. अंगणातून किंवा दुकानासमोरून मागे घेतलेली गाडी थेट चालत्या रस्त्यावर येते, आणि त्या रस्त्यावर मोटारसायकल, सायकल, बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळकरी मुले आणि शेळ्या एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे गाडीच्या अगदी मागे काय आहे या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न असा असतो की अजून दिसत नसलेले पण दोनतीन सेकंदांत गाडीच्या मागे पोहोचणारे काय आहे. आजच्या गाड्यांमध्ये या दोन प्रश्नांची उत्तरे दोन निरनिराळी यंत्रे देतात. हा फरक पुष्कळ चालकांच्या लक्षात आलेला नसतो आणि धोका नेमका तेथेच असतो.

माणसाची नजर, माणसाचा आवाज

सेन्सर, म्हणजे परिसरातील बदल टिपून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण, गाड्यांत येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने या अडचणीवर स्वतःचा उपाय शोधलेला होता. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि त्यानंतर गावोगावी एसटीची स्थानके उभी राहिली. बहुतेक स्थानकांत बस फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि निघताना तिला मागेच यावे लागते. अशा वेळी कंडक्टर खाली उतरून बसच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहतो आणि शिट्टीच्या इशाऱ्यांवर ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावतो. ट्रकबरोबर असणारा क्लीनर हेच काम ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे ओरडत आणि गाडीच्या पत्र्यावर हाताने थाप मारत करतो. थाप जोरात पडली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो.

या पद्धतीत तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. पाहणारा अशा जागी उभा असतो जेथून आडवा रस्ता दिसतो. तो केवळ वस्तू आहे की नाही हे पाहत नाही, तर ती येत आहे की जात आहे आणि किती वेगाने येत आहे याचा अंदाज घेतो. आणि सूचना अशा रूपात देतो की ड्रायव्हरला विचार न करता थांबता यावे. मागच्या आडव्या वाहतुकीची सूचना देणाऱ्या कोणत्याही यंत्राला याच तीन अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि त्या प्रणालीची रचना समजून घ्यायची तर या तीन अटी डोळ्यांसमोर ठेवणे पुरेसे आहे.

ध्वनीचा पहारा आणि त्याची हद्द

भारतातील चालकांना सर्वाधिक परिचित असलेले यंत्र म्हणजे मागच्या बंपरमध्ये बसवलेले, रुपयाच्या नाण्याएवढे दिसणारे गोल पार्किंग सेन्सर. हे सेन्सर श्राव्यातीत ध्वनीवर, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या २० हजार हर्ट्झच्या मर्यादेपलीकडील ध्वनीवर चालतात. हर्ट्झ हे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांचे एकक असून हे सेन्सर साधारणतः ४० ते ५० हजार हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी सोडतात. हा ध्वनी मागच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे दीड मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी सुमारे ९ सहस्रांश सेकंदात परततो. इतका काळ सामान्य इलेक्ट्रॉनिक मंडलाला सहज मोजता येतो. तापमान वाढले की ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या हवेत तो ३५८ मीटरच्या घरात जात असल्याने तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर मोजलेल्या अंतरात चार ते पाच टक्क्यांची चूक येते.

असे सेन्सर टोयोटाच्या कोरोना या गाडीत १९८२ मध्येच दिसले होते. भारतात ते प्रदीर्घ काळ महागड्या गाड्यांपुरते किंवा बाजारातून वेगळे बसवून घेण्यापुरते राहिले. परंतु १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारगाड्यांमध्ये मागे जाताना सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि वेगमर्यादेची सूचना यांच्याबरोबरीने आलेल्या या तरतुदीचे तांत्रिक निकष एआयएस-१४५ या मानकात आहेत. अशी मानके तयार करण्याच्या कामात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, या संस्थेचा वाटा मोठा आहे.

या सक्तीमुळे भिंत, खांब, उभी मोटारसायकल किंवा गाडीमागे उभे असलेले माणूस यांच्यापासूनचा धोका कमी झाला, परंतु आडव्या वाहतुकीबाबत हे सेन्सर जवळजवळ मुके असतात. त्यांचा पल्ला दीड ते अडीच मीटरच्या आसपास असतो आणि त्यांचे तोंड मागे असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला ११ मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे ती या सेन्सरच्या पल्ल्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाव सेकंदही लागत नाही, आणि तेवढ्यात माणसाचा पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. सेन्सर वाजत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे, असा अर्थ काढणारा चालक यंत्राने कधीच न दिलेल्या आश्वासनावर विसंबून गाडी मागे घेत असतो.

मागच्या कॅमेऱ्याची मर्यादाही काहीशी अशीच आहे. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणारी व्यवस्था सक्तीची झाली. तेथील नियमाने गाडीच्या लगत मागे १० फूट रुंद आणि २० फूट लांब एवढे क्षेत्र दिसलेच पाहिजे असे ठरवले. गाडीमागे आलेले लहान मूल दिसावे हा त्या नियमाचा हेतू होता आणि त्यासाठी हे क्षेत्र योग्यच आहे, पण आडव्या रस्त्यावरून येणारे वाहन बहुधा त्या चौकटीच्या बाहेर असते. शिवाय कॅमेरा फक्त दाखवतो. पडद्याकडे पाहणे आणि दिसलेल्याचा अर्थ लावणे हे काम चालकाकडेच राहते.

कोपऱ्यातले रडार

आडव्या वाहतुकीची सूचना देणारी यंत्रणा कंडक्टरप्रमाणेच गाडीच्या मागच्या कोपऱ्यांत उभी असते. मागच्या बंपरच्या प्लास्टिकआड, बाहेरून न दिसणारी दोन रडार बसवलेली असतात आणि त्यांची तोंडे सरळ मागे नसून तिरकी, बाजूंकडे वळवलेली असतात. रडार म्हणजे रेडिओ तरंग सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा ठाव घेणारे यंत्र. जर्मनीच्या ख्रिस्तियान ह्युल्समायरने १९०४ मध्ये जहाजांचा वेध घेण्यासाठी या तत्त्वाचे उपकरण करून दाखवले होते. गाड्यांतील आधुनिक रडार प्रामुख्याने ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७६ ते ७७ अब्ज कंपनांच्या पट्ट्यात काम करते. या तरंगांची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या तरंगांवर प्रयोग केले होते. शतकाहून अधिक काळानंतर त्याच जातीचे तरंग सामान्य मोटारीच्या बंपरमधून बाहेर पडत आहेत. तरंगलांबी इतकी छोटी असल्यामुळे अँटेना तळहाताएवढ्या पट्टीवर मावतो आणि तरीही बारकाईने दिशा ओळखता येते.

रडारला तीन गोष्टी शोधायच्या असतात: वस्तू किती दूर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि किती वेगाने जवळ येत आहे. प्रकाशाच्या वेगाने जाणारा तरंग २० मीटरवर जाऊन परत येण्यास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून किंचितच अधिक वेळ घेतो, आणि इतका काळ थेट मोजणे खर्चिक असल्याने त्यासाठी एक युक्ती वापरली जाते. रडार सोडत असलेल्या तरंगाची वारंवारता क्षणोक्षणी एकसारखी चढवत नेली जाते. परत आलेला प्रतिध्वनी थोडा आधी निघालेला असल्यामुळे त्याची वारंवारता त्या क्षणी सोडल्या जाणाऱ्या तरंगापेक्षा कमी असते, आणि हा फरक जितका मोठा तितकी वस्तू दूर. दिशा ओळखण्यासाठी शेजारीशेजारी बसवलेल्या अनेक अँटेनांवर तोच प्रतिध्वनी किती पुढेमागे पोहोचला हे ताडून पाहिले जाते.

वेगासाठी १८४२ मध्ये ख्रिस्तियान डॉप्लरने मांडलेले तत्त्व उपयोगी पडते. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या तरंगाची वारंवारता वाढते आणि दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्याची घटते. ताशी ४० किलोमीटर वेगाने थेट रडारकडे येणाऱ्या मोटारसायकलीमुळे ही वाढ सुमारे ५,७०० हर्ट्झ एवढी होते; ७६ अब्जांपुढे ती नगण्य वाटली, तरी पाठवलेला आणि परत आलेला तरंग एकमेकांत मिसळल्यावर हा फरक स्वतंत्रपणे मोजता येतो. डॉप्लरचा परिणाम फक्त रडारच्या रेषेतील वेग दाखवतो. रडार सरळ मागे पाहत असते, तर त्याच्यासमोरून काटकोनात जाणारे वाहन समोर येईपर्यंत उशीर झाला असता आणि त्या क्षणी त्याचा रेषेतील वेगही जवळजवळ शून्य दिसला असता. तोंड बाजूंकडे वळवल्यामुळे आडवे येणारे वाहन दुरूनच, रडारच्या दिशेने धावत येणारे म्हणून उमटते. कोपऱ्याची जागा आणि तिरका रोख यांवरच या यंत्रणेची सारी उपयुक्तता उभी आहे.

सेकंदांचा हिशेब

गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली आणि तिचा वेग अल्प, साधारणतः ताशी दहा किलोमीटरच्या आत असला, की ही यंत्रणा जागी होते. येणाऱ्या वाहनाचे अंतर आणि वेग यांवरून ते किती सेकंदांत गाडीमागील पट्ट्यात पोहोचेल हे संगणक काढतो, आणि तो काळ ठरावीक मर्यादेखाली आला की ज्या बाजूने धोका आहे त्या बाजूच्या आरशातील दिवा लुकलुकतो, पडद्यावर बाण दिसतो आणि आवाज होतो. सूचनेचा निकष म्हणून येथे केवळ अंतर चालत नाही. ३० मीटरवर सावकाश येणारी सायकल आणि ३० मीटरवर वेगात येणारी जीप यांचा अर्थ एक नसतो.

या सेकंदांची किंमत एका उदाहरणावरून कळते. ताशी ५ किलोमीटरने मागे येणारी गाडी सेकंदाला सुमारे १.४ मीटर सरकते. इशारा ऐकून ब्रेक दाबेपर्यंत चालकाला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी दोन मीटरहून अधिक मागे आलेली असते, म्हणजे अरुंद रस्त्याचा मोठा भाग तिने अडवलेला असतो. ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटारसायकल २० मीटरवर असताना इशारा मिळाला, तर ती १.८ सेकंदांत तेथे पोहोचते आणि सुटकेसाठी जेमतेम ०.३ सेकंद उरतो. तोच इशारा ४० मीटरवर मिळाला, तर दोन सेकंदांहून अधिक वेळ हाती राहतो. मागे येण्याचा वेग निम्मा केला, तर इशाऱ्यानंतर गाडी सरकण्याचे अंतरही निम्म्यावर येते. यंत्राने मिळवलेले सेकंद चालकाच्या घाईत सहज खर्ची पडतात, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासांत मागच्या कॅमेऱ्यामुळे मागे जाताना होणाऱ्या धडका सुमारे १७ टक्क्यांनी, तर आडव्या वाहतुकीच्या सूचनेमुळे सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर यांच्या जोडीला आपोआप लागणारा मागचा ब्रेक आला, तेव्हा ही घट ७८ टक्क्यांपर्यंत गेली. सूचना आणि कृती यांच्यामध्ये माणसाचा दीड सेकंद असतो. ब्रेक स्वतः लावणारे यंत्र तो वाचवते, आणि या आकड्यांतील मोठी दरी बरीचशी त्यातूनच उद्भवते.

महाराष्ट्रात तयार होणाऱ्या गाड्यांमध्येही ही सोय आता आली आहे. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या वरच्या श्रेणींत जी चालक-साहाय्य प्रणाली आणली, तिच्यात मागच्या आडव्या वाहतुकीच्या सूचनेचा समावेश होता. तरीही ती खरेदीदाराने जास्त पैसे मोजून घ्यायची सोय आहे. २०१९ च्या सक्तीत ती नाही.

मिश्र वाहतुकीची कसोटी

या यंत्रणेचा जन्म प्रामुख्याने अशा देशांत झाला, जेथे मोठ्या वाहनतळावर मोटारी रांगेने उभ्या असतात आणि आडव्या येणाऱ्या वस्तू म्हणजे बहुधा दुसऱ्या मोटारी असतात. रडारच्या दृष्टीने मोटार ही सोपी वस्तू आहे, कारण तिचा पत्रा भरपूर तरंग परतवतो. मोटारसायकल त्याहून बरेच कमी परतवते आणि पायी चालणारे माणूस आणखी कमी. बैलगाडीची अडचण वेगळी आहे. बैलांच्या शरीरावरून तरंग परततात, पण त्यांची चाल माणसाच्या चालीएवढीच असते आणि अनेक प्रणाली ठरावीक वेगाखालील वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. तसे केले नाही तर झाडे, खांब आणि उभी वाहने यांच्यामुळे इशारा सतत वाजत राहील. ज्या चाळणीमुळे खोटे इशारे गळतात, त्याच चाळणीतून सावकाश चालणारी खरी माणसे आणि जनावरेही गळू शकतात.

उलट्या टोकाची अडचणही तितकीच खरी आहे. बाजाराच्या दिवशी दोन्ही बाजूंनी दुचाक्या अखंड वाहत असतील, तर यंत्र थांबत नाही आणि प्रत्येक इशारा खरा असूनही चालकाला तो निरुपयोगी वाटू लागतो. सतत वाजणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली की नेमक्या गरजेच्या क्षणीही तो कानाआड होतो, आणि पुष्कळ जण अखेरीस यंत्रणा बंद करून ठेवतात. म्हणून आपल्या रस्त्यांसाठी सूचनेची मर्यादा निवडणे हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही. गावातील रस्ता प्रत्यक्ष कसा वापरला जातो हे पाहूनच त्याचे उत्तर द्यावे लागते.

आणखी काही मर्यादा अगदी व्यवहारातील आहेत. रडारचे तरंग प्लास्टिकमधून जातात, धातूमधून नाही. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोच्या पलीकडचे त्याला दिसत नाही आणि आपली गाडी थोडी बाहेर आल्यावरच त्याची नजर मोकळी होते. चालकाच्या तुलनेत त्याला मिळणारा लाभ दोन-अडीच मीटरांचा आहे, संपूर्ण रस्त्याचा नाही. गाडी तिरकी लावली असेल, तर एका बाजूचे रडार शेजारच्या गाडीकडेच पाहत राहते. पावसाळ्यात बंपरवर चिखलाचा थर बसला की ओलसर मातीत तरंग शोषले जातात, म्हणून कोपरे पुसून स्वच्छ ठेवणे आवश्यक असते. हौसेने बसवलेला लोखंडी गार्ड मागच्या कोपऱ्यांसमोर आला, तर रडार आंधळे होऊ शकते. पुढे-मागे असे गार्ड लावण्याविरुद्ध केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. अपघातानंतर बंपर बदलताना किंवा त्यावर जाड लांबी आणि रंग चढवताना रडारचा रोख पुन्हा तपासून घ्यावा लागतो, कारण काही अंशांचा फरकही दूरवर मीटरांचा होतो.

यंत्राची जागा, माणसाची जबाबदारी

कायद्याच्या दृष्टीने गाडी मागे घेताना कोणाला धोका होणार नाही याची खात्री करण्याची जबाबदारी चालकाचीच आहे, मग गाडीत कितीही सेन्सर असोत. ही जबाबदारी पार पाडण्याचा सर्वांत चांगला मार्ग बहुतेक वेळा पैसे न लागणारा असतो: जागेवर पोहोचल्यावर, रस्ता नजरेसमोर असताना, गाडी मागे घेऊन लावणे आणि निघताना तोंड रस्त्याकडे ठेवून बाहेर पडणे. ते शक्य नसेल तेथे काच खाली करून कान उघडे ठेवणे, पावलाच्या गतीने सरकणे, बंपर रस्त्याच्या कडेला येताच क्षणभर थांबणे आणि सोबत कोणी असल्यास त्याला उतरवून मागच्या कोपऱ्याशी उभे करणे, हे नियम रडार असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गाड्यांना लागू पडतात.

मात्र सारा भार चालकाच्या सावधपणावर टाकून धोरणकर्त्यांना आणि उत्पादकांना मोकळे होता येणार नाही. इशारा गाडीच्या आत वाजतो, पण त्याने वाचणारा जीव बहुतेक वेळा गाडीच्या बाहेर असतो: सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी, शेतावरून दुचाकीने परतणारा शेतकरी किंवा रस्त्याच्या कडेने चालणारी म्हातारी. यांपैकी कोणीही गाडी विकत घेताना वरची श्रेणी निवडलेली नसते. पैसे एकाने मोजायचे आणि सुरक्षितता दुसऱ्याला मिळायची, अशी ज्या सोयीची रचना असते ती केवळ खरेदीदाराच्या मर्जीवर सोडली, तर जेथे तिची गरज सर्वाधिक आहे तेथे ती सर्वांत शेवटी पोहोचते. २०१९ मध्ये मागच्या पार्किंग सेन्सरबाबत जो विचार झाला, तोच विचार आडव्या वाहतुकीच्या सूचनेबाबत व्हायला हवा, आणि तिची कसोटी ठरवताना वाहनतळावरील मोटारीबरोबरच देऊळघाटच्या रस्त्यावरील सायकल आणि बैलगाडी यांनाही स्थान मिळायला हवे.